मामांच्या कॉम्प्युटरला रॅम किती?

२०२५ च्या पावसाळ्यात एका रविवारी मामांचा फोन आला. "कॉम्प्युटर लय हळू चालायलाय रे. दुकानदार म्हणतोय सोळा जीबी रॅम टाका, पळायला लागंल. टाकू काय?"

मामा कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात. सरकारी खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं नात्यागोत्यातले सगळे बिघडलेले कॉम्प्युटर फिरून फिरून माझ्याकडंच येतात. "थांबा," म्हटलं, "पैसे देऊ नका. आधी त्याला भूक किती आहे ते बघू, मग ताट वाढू."

सकाळी मिसळ खाऊन दोघं घरी आलो आणि डबा उघडला. आपल्याकडं त्या उभ्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत असतो, पंख्याखाली दबलेला, आगपेटीएवढा चौकोनी तुकडा. मामांचा निघाला इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय३, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) एच६१ जातीचा, रॅमची २ जीबीची एकच पट्टी, आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. घेताना विंडोज ७ होतं. पुढं विंडोज १० फुकट मिळत होतं त्या काळात कुणीतरी ते चढवून दिलेलं. थोडक्यात, गाडी जुनी, बोजा नवा.

आता रॅम म्हणजे नेमकं काय, हे मामांना सांगायचं होतं. मिसळीची चव अजून तोंडात होती, म्हणून तिथूनच सुरुवात केली. मिसळीच्या हॉटेलातला आचारी आठवा. त्याची शेगडी आणि त्याचे हात म्हणजे प्रोसेसर. समोरचा ओटा म्हणजे रॅम. मागच्या अंधाऱ्या खोलीत पोती, डबे, कांद्याच्या गोण्या रचलेल्या असतात, ती हार्ड डिस्क. ऑर्डर आली की तो मटकीची उसळ घालतो, फरसाण टाकतो, वरून कट ओततो, कांदा, लिंबू, बाजूला ब्रेड. हे सगळं ओट्यावर हाताशी असेल तर प्लेट अर्ध्या मिनिटात बाहेर. पण ओटा चिंचोळा असेल तर? फरसाणाचा डबा आत नेऊन ठेवायचा, तेव्हा कुठं कांद्याच्या परातीला जागा होणार. पुढच्या प्लेटला परत फरसाण हवं, मग परात आत, डबा बाहेर. आचारी हुशार आहे, शेगडी पेटलेली आहे, पण सगळा वेळ मागच्या खोलीच्या फेऱ्यांत जातो आणि गिऱ्हाईक घड्याळ बघत बसतं.

कॉम्प्युटर हँग होतो म्हणतो ना आपण, ते बहुतेक वेळा हेच असतं. रॅम भरली म्हणून विंडोज काम नाकारत नाही. डिस्कवर त्यानं एक फाईल राखून ठेवलेली असते, तिला पेज फाईल म्हणतात. रॅममधलं जे सध्या वापरात नाही ते तिकडं नेऊन टाकायचं आणि नव्याला जागा करायची. तुम्ही परत जुन्या खिडकीवर क्लिक केलं की तिकडून उचलून आणायचं. मधूनअधून असं झालं तर कळतही नाही. पण चालू कामालाच जागा पुरत नसेल, तर ने-आण थांबतच नाही, डब्यावरचा लाल दिवा सतत फडफडत राहतो आणि माउसचा बाण सुद्धा अडकत अडकत सरकतो.

या फेऱ्या इतक्या महाग का पडतात, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय ती सुई योग्य पट्ट्यावर सरकायला वेळ, असं धरून एका उचलीला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. रॅममधून तीच गोष्ट उचलायला साधारण शंभर नॅनोसेकंद. म्हणजे एक लाख पटींचा फरक. एक लाख म्हटल्यावर डोक्यात काही येत नाही, म्हणून उलटं करून बघू. ओट्यावरचा कांदा उचलायला आचाऱ्याला एक सेकंद लागतो असं धरा. मग मागच्या खोलीतला कांदा आणायला त्याला एक लाख सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास. आज सकाळी ऑर्डर दिली, तर कांदा उद्या दुपारी.

मामा म्हणाले, "म्हणजे ओटा मोठा केला की झालं. सोळा जीबी टाकूया की मग."

इथंच सगळे फसतात. ओट्यावर मिसळीचं सगळं सामान मावलं, की त्यापुढं ओटा दुप्पट लांब केला तरी मिसळ दुप्पट वेगानं होत नाही. शेगडी तीच, हात तेच. जास्तीचा ओटा रिकामा राहतो, फार तर त्यावर मांजर झोपतं. कमी पडलेली रॅम कॉम्प्युटरला रडवते. गरजेपेक्षा जास्त घातलेली मात्र त्याला पळवत नाही. तेव्हा "किती टाकू?" याच्या आधीचा प्रश्न असा, की तुमच्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी ओट्यावर काय काय असतं?

(ओट्याची उपमा एका ठिकाणी मोडते. लाईट गेली म्हणून हॉटेलातला कांदा नाहीसा होत नाही. रॅममधलं मात्र वीज गेली की पुसलं जातं. सेव्ह न केलेलं पत्र जातं ते म्हणूनच. वळवाच्या दिवसांत कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.)

तर गर्दीचा दिवस उभा केला. मामांना म्हटलं, तुम्ही जे जे करता ते सगळं एकदम उघडा, एकही बंद करायचं नाही. त्यांनी क्रोम उघडलं. त्यात बँक, ईमेल, लाईट बिल, दोन पेपर आणि यूट्यूबवर कुस्तीचा फड. शिवाय वर्डमध्ये सोसायटीचं पत्र, एक्सेलमध्ये मेंटेनन्सचा हिशेब, आणि नातीच्या बारशाचे फोटो. हे सगळं उघडायला मिसळ पचेपर्यंतचा वेळ गेला, ते सोडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी.

तिथं दिसणाऱ्या आकड्यांपैकी बहुतेक लोक फक्त वरचा टक्केवारीचा आकडा बघतात आणि घाबरतात. तो ९१ टक्के होता. खरा कामाचा आकडा खाली असतो, 'कमिटेड' नावाचा, दोन संख्या मध्ये तिरपी रेघ देऊन लिहिलेल्या. पहिली संख्या म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजनं किती जागा कबूल केलीय. ती रॅममध्ये असो की पेज फाईलमध्ये. दुसरी म्हणजे रॅम आणि पेज फाईल मिळून विंडोजला जास्तीत जास्त किती कबूल करता येईल. मामांकडं पहिला आकडा होता ४.६ जीबी. आणि रॅम २ जीबी, त्यातलीही थोडी ग्राफिक्सनं आधीच बाजूला काढलेली, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की पडद्यावरचं चित्र मुख्य रॅममधूनच आपला वाटा उचलतं. कबूल केलेली सगळीच जागा सगळे एकाच वेळी वापरत नाहीत, हे खरं. तरी साडेचार किलोचं सामान दोन किलोच्या पिशवीत कोंबलेलं होतं, आणि बाजूच्या टॅबवर डिस्क १०० टक्क्यांवर लाल होऊन बसली होती. निदान झालं. दुकानदार रोगाचं नाव बरोबर सांगत होता, फक्त औषधाचा डोस त्यानं स्वतःच्या सोयीनं लिहिला होता.

मामांना एक गोष्ट खटकत होती. "पण दोन जीबीवर हाच कॉम्प्युटर पहिल्यांदा झकास चालायचा की!" चालायचा, खरंच चालायचा. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा किमान ६४ एमबी रॅम मागायचं आणि १२८ असली तर बरं म्हणायचं. विंडोज ७ नं २००९ मध्ये १ जीबी मागितली, ६४ बिटचं असेल तर २. विंडोज १० नं कागदावर तेवढीच मागितली. २०२१ चं विंडोज ११ चार मागतं. पण 'किमान' या शब्दाचा अर्थ एसटीत उभं राहायला जागा आहे, एवढाच. गाडी सुटते, तुम्ही आत असता, प्रवास कसा होतो हे विचारू नका.

आणि विंडोजपेक्षाही मोठा खादाड दुसराच आहे. ब्राउझर. २००८ मध्ये क्रोम आलं तेच एक नवी पद्धत घेऊन. उघडलेल्या टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅमसारख्या, चालवायच्या, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची तगतात. सोय उत्तम, पण प्रत्येक वेगळ्या चुलीला वेगळी लाकडं लागतात. त्यात वेबसाइट स्वतःच जाड झाल्या. पूर्वी बातमीचं पान म्हणजे मजकूर आणि दोन फोटो असायचे. आता त्याच पानावर जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि तुमच्यावर लक्ष ठेवणारे पाचपन्नास हेर असतात. एकेक टॅब सहज शंभर-दोनशे एमबी, कधी त्याहून जास्त खाते. मामांनी दहा-बारा वर्षांत एकही नवं काम अंगावर घेतलेलं नाही. तीच बँक, तोच पेपर. कॉम्प्युटर हळू झाला नाही, जग लठ्ठ झालं.

मधेच एक इशारा देऊन टाकतो. टास्क मॅनेजरमध्ये रॅम निम्म्याहून जास्त भरलेली दिसली म्हणून लगेच नवी घ्यायला धावू नका. निम्मी भरली म्हणजे कमी पडली असं नाही. उरलेली रॅमही विंडोज तशीच ठेवत नाही. तुम्ही रोज उघडता त्या फाइली विंडोज तिच्यात आधीच आणून ठेवतं आणि कुणाला जागा लागली की लगेच मोकळी करून देतं. आठ जीबीच्या मशीनवर पाच वापरात दिसणं हे प्रकृती उत्तम असल्याचं लक्षण आहे. आणि ते 'रॅम क्लीनर', 'रॅम बूस्टर' वगैरे प्रोग्रॅम तर ओट्यावरचं सगळं सामान उचलून मागच्या खोलीत फेकतात आणि वर सांगतात, बघा ओटा कसा लख्ख झाला! दोन मिनिटांनी तेच सामान अठ्ठावीस तासांच्या वाटेनं परत आणावं लागतं. असलं काही टाकलेलं असेल तर आजच काढा.

मग किती? माझा हिशेब असा. गर्दीच्या दिवसाचा तो कमिटेड आकडा घ्यायचा, त्यावर आधीच आणून ठेवायच्या फाइलींसाठी थोडी मोकळीक धरायची आणि बाजारात मिळतो त्या वरच्या मापाला जायचं. तीनच्या आत असाल तर ४ जीबीत भागतं, पण टॅब मोजून उघडायची सवय हवी. चार ते सहा असाल तर ८. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बँक, पत्रं, व्हिडिओ, पोरांचा अभ्यास एवढंच असेल, तर दहातले नऊ जण इथंच येऊन थांबतात, आणि मी डोळे झाकून सांगायचं झालं तर ८ च सांगतो. सोळा कुणाला? उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांची मुलगी घरी बसून थ्रीडी डिझाइन करते. तिच्या फाइली उघडल्या की आकडा अकरावर जातो. तिला सोळा हवीतच. पण तिला प्रोसेसरही दमदार लागतो, म्हणजे तिच्यासाठी मामांचा डबा मुळातच चुकीचा. जुन्या आय३ वर सोळा जीबी म्हणजे लुनाला ट्रकची टाकी.

आपल्याला किती हवी आणि मशीन किती घेईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एच६१ बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात आणि एकूण १६ जीबीपर्यंत तो घेतो. त्याच्या आधीच्या काळातला जी३१ बोर्ड, जो इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या जमान्यात घराघरांत होता, तो ४ च्या वर घेतच नाही, कितीही महागाची पट्टी आणा. म्हणून डबा न उघडता फोनवरून "आठ टाका" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी सुद्धा त्यात आलो.

दुसरी मेख विंडोजच्या बिटांची. काहींच्या कॉम्प्युटरवर ४ जीबी रॅम असते आणि विंडोज सांगतं वापरता येण्याजोगी ३.२ जीबी. लोकांना वाटतं दुकानदारानं मापात मारलं. तसं नसतं. रॅममधल्या प्रत्येक खणाला घरनंबर लागतो. ३२ बिटच्या विंडोजकडं दोनाचा बत्तिसावा घात एवढेच नंबर असतात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. बरोबर ४ जीबी. पण हे नंबर एकट्या रॅमसाठी नसतात. त्याच यादीतून ग्राफिक्स आणि इतर कार्डांनाही पत्ते द्यावे लागतात. राजारामपुरीच्या एका गल्लीला शंभरच पाट्या मंजूर आहेत आणि त्यातल्या वीस ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी आणि समाजमंदिराला लागल्या, तर शेवटच्या वीस घरांना नंबरच उरत नाही. घरं बांधलेली आहेत, लोक राहायला तयार आहेत, पण पोस्टमन तिथं पोचत नाही. ६४ बिटच्या विंडोजला पाट्यांची ही टंचाई नाही. तेव्हा ४ च्या वर जायचं असेल तर आधी सिस्टीमच्या माहितीत ३२ की ६४ ते बघा. ३२ असेल आणि प्रोसेसर ६४ चा असेल तर विंडोज नव्यानं टाकावं लागेल. म्हणजेच आपल्या भाषेत, फॉरमॅट मारावा लागेल, आणि त्याआधी बारशाचे फोटो पेन ड्राइव्हवर काढून घ्यावे लागतील. मामांचं ६४ निघालं. सुटलो.

खरेदीत माझीच एकदा फजिती झालीय, ती सांगायला हरकत नाही. पहिल्यांदा घरच्या मशीनसाठी रॅम आणायला गेलो ते "डेस्कटॉपची रॅम द्या" एवढंच बोलून. भर पावसात घरी आलो, पट्टी बसवायला घेतली, ती खाचेत बसेचना. मला वाटलं जोर कमी पडतोय. दाबली. नशीब बोर्ड तुटला नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असतात, लांबी तीच, लांबून बघितलं तर जुळ्या बहिणी. पण मधली खाच वेगळ्या जागी असते, आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली असते, कारण एकीला १.८ व्होल्ट लागतात आणि दुसरीला १.५. डीडीआर४ ला तर पिनाच २८८ आणि व्होल्ट १.२. लॅपटॉपच्या पट्ट्या सगळ्यांत वेगळ्या, लांबीनं निम्म्या. तेव्हापासून मी जुनी पट्टी काढून खिशात घालूनच दुकानात जातो. ब्लाउज पीसला मॅचिंग बघायला साडी नेतात तसं. तुम्हीही तेच करा. त्यावरच्या स्टिकरवर सगळं छापलेलं असतं.

आणखी एक सापळा ऑनलाइन खरेदीत. डीडीआर३ ची ४ जीबीची पट्टी कुठं अगदीच मातीमोल दिसली, तर खालची बारीक अक्षरं वाचा. तिथं बऱ्याचदा 'फक्त एएमडी बोर्डांसाठी' असं लिहिलेलं असतं. एएमडी ही प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी. इंटेलच्या बोर्डावर ती पट्टी चालत नाही. परत पाठवण्याचा खेळ होतो.

वेगाच्या आकड्यांची मात्र फार चिंता करू नका. १३३३ ची एक आणि १६०० ची एक अशा दोन बसवल्या तरी दोघी हळूच्या चालीनं चालतात, भांडत नाहीत. जमलं तर सारख्या मापाच्या दोन घ्याव्यात. आठची एक घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन बऱ्या, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी उचल करू शकतो. ग्राफिक्स मुख्य रॅमवरच जगत असेल तर त्याला हे विशेष मानवतं. आणि डीडीआर३ ची जुनी, वापरलेली पट्टी घ्यायला मी कचरत नाही. हार्ड डिस्क झिजते, पंखा घासतो, रॅममध्ये हलणारं काहीच नसतं. पैसे देण्याआधी दुकानातच लावून चालू करून बघा, म्हणजे झालं.

बसवणं दहा मिनिटांचं काम. मुख्य बटण बंद करून वायर काढायची. मग डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगात साचलेली स्थिर वीज तिकडं निघून जाते. खाचेच्या दोन्ही टोकांचे पांढरे कान बाहेर ढकलायचे, पट्टीची खाच जुळवून दोन अंगठ्यांनी सरळ खाली दाबायचं. कान आपोआप आत येऊन 'खट्' असा आवाज झाला की बसली. मामांच्या पट्टीच्या सोनेरी पिनांवर काळपट थर आला होता. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या दमट हवेत हे होतंच. पावसाळा संपता संपता "कॉम्प्युटर चालूच होईना, नुसता बीप बीप करतोय" असे जे फोन येतात, त्यातल्या निम्म्यांना मी काहीही नवं विकत न आणता, शाळेच्या साध्या खोडरबरानं पिना घासून आणि पट्टी परत बसवून बरं केलंय.

चार-चारच्या दोन बसवल्या. चालू केला. तोच गर्दीचा दिवस पुन्हा उघडला, तर क्रोममधून वर्डमध्ये आणि वर्डमधून कुस्तीत मामा टिचकीसरशी फिरायला लागले. डिस्क १०० वरून १०-१५ वर आली. मामा खूश. पण दुसऱ्या दिवशी परत फोन. "चालतोय झकास, पण सकाळी चालू व्हायला अजून तीन मिनिटं घेतोय बघ."

घेणारच. सकाळी ओटा रिकामा असतो. सगळं सामान मागच्या खोलीतून पहिल्यांदा आणावंच लागतं, ओटा कितीही मोठा असला तरी. तिथं उपाय रॅम नाही, खोलीच जवळ आणणं हा आहे, म्हणजे हार्ड डिस्कचंच काम करणारी एसएसडी. त्यात तबकडी नाही, सुई नाही. एका उचलीला साधारण ०.१ मिलिसेकंद. आपल्या मघाच्या हिशेबात अठ्ठावीस तासांचा कांदा सतरा मिनिटांत येतो. ओट्यावरच्या एका सेकंदाची सर नाही, पण संध्याकाळच्या गर्दीत राजारामपुरीतून महाद्वार रोडला जायला रिक्षा लावेल तेवढाच वेळ. अडीचशे जीबीची छोटी एसएसडी बसवली, विंडोज त्यावर घेतलं, जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी तशीच ठेवली. तीन मिनिटांची पंचवीस सेकंदं झाली.

दोन्हींपैकी एकालाच पैसे असतील तर काय आधी, असं मला सगळे विचारतात. २ जीबी असेल तर आधी रॅम, कारण एसएसडीवर का होईना पण दिवसभर ने-आण चालूच राहील. ४ असेल आणि काम बेताचं असेल तर आधी एसएसडी, फरक डोळ्यांना जास्त दिसतो. ८ असेल आणि तरी हळू वाटत असेल, तर रॅमचं नाव काढू नका.

हे सगळं केलं तेव्हा २०२५ चा ऑक्टोबर यायचा होता, आता तो गेलाय. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून वाढीव अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते मामांना करून दिलंय. त्यांच्या आय३ वर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, कितीही रॅम असली तरी. त्याला प्रोसेसरच इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणून मी सोळाच्या विरुद्ध होतो ते आणखी एका कारणानं. ज्या मशीनचा बँकेच्या कामाचा काळ मोजका उरलाय, त्याच्यात गरजेपुरतंच घालावं. डीडीआर३ नव्या मशीनमध्ये नेता येत नाही. एसएसडी नेता येते. पुढं विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकून द्यायचा विचार आहे. त्याला २ जीबी किमान लागते आणि ४ असली तर आरामात चालतं, म्हणजे आठ भरपूर झाली. मराठी टायपिंगही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतील अशा अक्षरांत होतं. अडचण एकच. मामांची दहा वर्षांची पत्रं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत आणि ती तिकडं उघडली की 'महोदय' च्या जागी भलतंच काही उमटतं. त्यांचं रूपांतर करायला मी दोन रविवार मागून घेतलेत.

काढलेली २ जीबीची पट्टी मामांनी ड्रॉवरमध्ये जुन्या किल्ल्या आणि घड्याळाच्या सेलांशेजारी ठेवली होती. महिन्याभरानं शेजारच्या काकू आल्या, "आमचा पण बघतोस काय जरा." त्यांचा डबाही एच६१ चाच, ४ ची एक पट्टी, एक खाच रिकामी, एसएसडी पोरानं आधीच बसवलेली. टास्क मॅनेजर उघडला, कमिटेड ४.१. मामांच्या ड्रॉवरमधली पट्टी आणली, खोडरबर फिरवलं, खट्. चार आणि दोन, सहा. माप विजोड, तरी बोर्डानं मुकाट्यानं घेतलं. काकूंनी पैसे विचारले. मामा आतून ओरडले, "पैसे नकोत, उद्या मिसळ करा म्हणावं!"